डिलूचं काम

डिलेश्वरी कापगतेला मी जितकं पाहिलं, त्यातलं बरंचसं मोटारसायकलच्या उजव्या आरशात पाहिलं. कित्येक वर्षं सकाळी मी पुढे मोटारसायकलवर आणि ती माझ्या मागच्या चाकाला चिकटून सायकलवर, असा आमचा रोजचा फेरा असायचा. आरसा तळहाताएवढा. त्यात एक हेल्मेट, घट्ट मिटलेलं तोंड आणि वळणावर एखादं कोपर, एवढंच मावायचं. रस्ता उखडलेला असला की आरसा थरथरायचा, आणि आरशातली डिलूही थरथरायची. तिचं नाव निघालं की माझ्यासमोर अजून तो थरथरणारा चेहराच येतो. समोरासमोर बसून आम्ही फार कमी बोललो. तरी तिच्याविषयी लिहायला मी बसलो आहे, याचा संकोच वाटतो. पण देशाची विजेती झाल्यावर तिच्याविषयी जे छापून आलं, त्यात ती कुठंच नव्हती. त्यात एक जिद्दी खेडवळ मुलगी होती. डिलू जिद्दी नव्हती. तिला फक्त सायकल चालवायची होती, आणि हे इतकं साधं होतं की कुणाला खरं वाटत नव्हतं.

गोंदिया जिल्ह्यातल्या केशोरीत माझं कृषी केंद्र आहे. बियाणं, खत, फवारणीची औषधं. डिलूचं घर केशोरीच्या पुढच्या टोलीवर, छोट्या वस्तीत. वडील फागूजी, थोडी स्वतःची आणि थोडी ठेक्याची धानाची शेती. आई सकूबाई रोवण्याच्या बायकांची, धानाची लावणी करणाऱ्यांची, म्होरकी. कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, कधी उतरायचं हे सकूबाई ठरवायची आणि बांधीचा मालक निमूट ऐकायचा.

डिलू बारावीत होती त्या पावसाळ्यात ती युरियाचं पोतं न्यायला दुकानात आली. गर्दी होती आणि मी तिच्या सायकलच्या कॅरिअरवर भलतंच पोतं चढवून दिलं. ती गेल्यावर ते माझ्या लक्षात आलं. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, उद्या बदलून देऊ. माझं तसं नाही. माझ्या हातून कुणाचं काही चुकलं की मला जेवण जात नाही; बायको म्हणते, तुम्ही जन्मालाच माफी मागत आला असाल. मी दुकान तसंच टाकून मोटारसायकल काढली आणि तिच्या मागे निघालो.

तलावाच्या पाळीवरचा चढ सुरू होतो तिथं ती मला दिसली. मागे पोतं, पुढे दोन वेण्या. मी हॉर्न दिला. तिनं मागे पाहिलं नाही, पण सायकल बाजूला घेतली आणि जास्त जोरात हाणायला लागली. मी पुन्हा हॉर्न दिला. ती आणखी जोरात. रस्त्यात खड्डे होते, माझी गाडी जुनी होती, हे सगळं खरं. पण खताच्या पोत्यासकट चढावर चाललेली सायकल मला टोलीपर्यंत गाठता आली नाही, हेही खरं. अंगणात मी पोचलो तेव्हा ती पोतं उतरवत होती.

“काकाजी, एवढा हॉर्न कायले मारून राहिले होते?” ती म्हणाली. “मी तं साईड देल्ली होती.”

“मग थांबली का नाहीस?”

“तुमी साईड मांगली. थांब कुठं मनलं?”

मी सकूबाईची माफी मागितली, फागूजींची मागितली, पोतं परत माझ्या गाडीवर टाकतो म्हणालो. डिलूनं ऐकलं नाही. ती तेच पोतं घेऊन दुकानात आली आणि बरोबर पोतं घेऊन परत गेली. तुमच्या गाडीला पेट्रोल लागतं, मला भात लागतो आणि तो घरचा आहे, असं तिचं म्हणणं होतं. ती गेल्यावर मी दुकानात बसून राहिलो. गिऱ्हाईक काय मागत होतं ते मला ऐकू येत नव्हतं.

त्या हिवाळ्यात चोरखमाऱ्याच्या तलावाजवळ जिल्ह्याची सायकल शर्यत होती. मीच तिला घेऊन गेलो. साध्या सायकलवर ती पहिली आली, आणि नागपूरच्या एका प्रशिक्षकांनी तिला आपल्याकडची जुनी, वाकड्या हँडलची शर्यतीची सायकल दिली. त्यांचं म्हणणं एकच होतं. पाय आहेत, पण वेगाची सवय नाही. रोज कोणीतरी मोटारसायकलवर हिच्या पुढे चालायला हवं, म्हणजे वारा तो खाईल आणि ही त्याच्या आडोशानं वेग शिकेल. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मोटारसायकल माझ्याकडेच होती.

या कामाचे नियम डिलूनं ठरवले. माझ्यासाठी तिचे दोनच शब्द होते. ‘चाल’ म्हटलं की वेग किंचित वाढवायचा, ‘थाम’ म्हटलं की किंचित कमी करायचा. मागे वळून पाहायचं नाही. ब्रेक लावायचा नाही. खड्डा दिसला तर डावा हात खाली सोडायचा. नवेगावच्या रस्त्यानं जंगलातून जायचं आणि उन्हं वर आल्यावर परत, मग मी दुकान उघडायचो.

मला मात्र मनातून वाईट वाटायचं. मी स्वेटर घालून, मफलर गुंडाळून गादीवर बसलेलो, आणि मागे ही पोरगी घामाघूम. एकदा परतल्यावर मी तसं म्हणून दाखवलं. पुन्हा एकदा म्हणालो. तिसऱ्या वेळी तिनं मला थांबवलं.

“काकाजी, तुमी हे माफी मांगनं बंद करा. रस्त्यानं बी तुमच्या मनात तेच चालू असते. मले मागून समजते. माफी मांगाले लागले की तुमचा हात ढिला पडते अन् गाडी हळू होते.”

त्यानंतर मी रस्त्यात निदान प्रयत्न करत असे. अपराधी वाटायला लागलं की मूठ थोडी आवळायचो. मागून ‘थाम’ ऐकू यायचं.

तिच्या सवयी सांगायच्या तर चढांपासून सुरुवात करावी लागेल. आमच्या रस्त्यावरच्या प्रत्येक चढाला तिनं माणसाचं नाव दिलं होतं. एक होता ‘सरपंचीन’, सुरुवातीला गोड आणि वळणानंतर चावरा. एक ‘मास्तर’, उगाच लांबलेला. गोठणगावच्या बाजूला एक छोटा, पण छातीवर येणारा चढ होता, त्याचं नाव तिनं मला बरेच दिवस सांगितलं नाही. ते माझ्या बायकोचं होतं.

शर्यतीच्या सायकलला घंटी नसते. पण रस्त्यात सरपणाच्या मोळ्या घेऊन बायका असायच्या, गुरं असायची, म्हणून ती तोंडानं ओरडायची, “बाजू वो माय, बाजू वो.” पुढं मोठ्या शर्यतींमध्ये, परदेशातसुद्धा, ती घोळक्यातून वाट काढताना हेच ओरडायची आणि तिथल्या पोरी खरंच बाजूला व्हायच्या, असं ती सांगायची. जर्सीच्या मागच्या खिशात बाकीच्या मुली परदेशी वड्या ठेवायच्या. हिच्या खिशात हंगामात उकडलेले शिंगाडे असायचे, सोललेले. दमली आहेस का विचारलं तर ती कधीच हो किंवा नाही म्हणायची नाही. म्हणायची, “पाय बोलून राहिले.” काय बोलतात हे विचारायचं नाही, असा आमच्यात अलिखित करार होता. घरी आल्यावर आधी सायकल धुवायची, मग स्वतः. सकूबाईचं त्यावर रोज एक वाक्य ठरलेलं असे, की बैलसुद्धा एवढं कौतुक करून घेत नाही.

सकूबाईचा सायकलला विरोध नव्हता. तिचा एक प्रश्न होता. तो तिनं मला पहिल्याच वर्षी विचारला आणि नंतर कितीतरी वर्षं विचारत राहिली. “भाऊजी, सायकल चालवाचा पगार कोन देते?”

मी सांगायचो, वहिनी, नाव झालं की सरकारी नोकरी मिळते. ती म्हणायची, तो नोकरीचा पगार झाला, सायकलीचा कुठं. मला तेव्हा वाटायचं, बाईला समजत नाही. डिलूला मात्र आईचा प्रश्न बरोबर समजला होता, कारण तिच्या मनातही तोच होता. तिला सायकलवर चढून दुसरीकडे कुठं पोचायचं नव्हतं. सायकल चालवणं हेच तिला आयुष्यभराचं काम म्हणून हवं होतं, जसं फागूजींना शेत होतं. आमच्या भागात असं काम कोणी पाहिलं नव्हतं. त्या कामाला नाव नव्हतं.

राज्याच्या शर्यतीत तिनं जे केलं, ते प्रशिक्षकांना शेवटपर्यंत पचलं नाही. पुण्याकडे शर्यत होती. मी प्रशिक्षकांच्या गाडीत मागच्या सीटवर पाण्याच्या बाटल्या धरून बसलो होतो. अर्ध्या शर्यतीनंतर डिलू आणि सांगलीकडची एक मुलगी अशा दोघीच पुढे निघाल्या. बाकीच्या खूप मागे राहिल्या. शेवटच्या मोठ्या चढावर ती दुसरी मुलगी मागे पडायला लागली. डिलूनं फक्त आपल्या वेगानं जात राहायचं होतं. ती जिंकली असती.

डिलूनं वेग कमी केला. मागे पाहिलं, हातानं ये म्हणून खुणावलं, आणि ती मुलगी जवळ आल्यावर तिच्यासमोर वारा अडवत तिला चढाच्या माथ्यापर्यंत घेऊन आली. प्रशिक्षकांनी गाडीच्या टपावर हात आपटला. उतारावर ती मुलगी सावरली, डिलूच्या आडोशानं आरामात आली आणि शेवटच्या सरळ पट्ट्यात बाजूनं निघून पहिली झाली.

डिलू खुशीत होती. पाणी पीत होती. प्रशिक्षक बोलत राहिले, तिला ओरडले, त्यांचा आवाज फाटला. त्यांना राग कशाचा आला आहे तेच तिला कळेना. शेवटी ती म्हणाली, “सर, ते मागं पडून राहिली होती ना बापा. तिले तशीच सोडून येऊ का?”

परतीच्या प्रवासात मी प्रशिक्षकांना रोवणं कसं चालतं ते सांगितलं. बांधीत बायका एका रांगेत वाकून मागे मागे सरकत पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, रोवतात. प्रत्येकीला आपल्यापुरता एक पट्टा असतो, त्याला पात म्हणतात. एखादीचा हात मंद पडला की शेजारच्या दोघी न बोलता तिच्या पातीचा थोडा भाग आपल्याकडे घेतात, म्हणजे रांग सरळ राहते. कुणी एकटी पुढे निघून गेली तर तिला हुशार म्हणत नाहीत, हाकलतात. डिलू लहानपणापासून त्या रांगेत वाढली होती. प्रशिक्षकांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, इथं धान लावायचं नाही, एवढं तिच्या डोक्यात घाला.

ते मला जमलं नाही. तिनं स्वतःच काढलेला तोडगा पुढं कधीतरी मला सांगितला. रोवण्यात दिवस मावळताना शेवटची बांधी येते तेव्हा बायका मजा म्हणून पैज लावतात, आणि तिथं जिची तिची पात असते. कोणी कोणासाठी थांबत नाही. मग शर्यतीतली शेवटची बांधी कुठून सुरू होते ते आधी ठरवायचं, एवढंच. देशपातळीच्या शर्यतीत तिनं तेच केलं. शेवटच्या चढाच्या पायथ्यापर्यंत ती एका दमलेल्या मुलीला सोबत घेऊन आली, तिला आपल्या बाटलीतलं पाणी दिलं, आणि पायथ्याशी तिला सांगून पुढे गेली. सांगून. त्या मुलीनं नंतर मुलाखतीत हे सांगितलं तेव्हा लोक हसले. डिलू एकटीच शेवटच्या रेषेवर आली. वार्ताहरांनी विचारलं, जिंकताना काय वाटलं, तर म्हणाली भूक लागली होती.

विजेती झाली आणि खेळाडूंच्या कोट्यातून नागपूरला सरकारी नोकरी लागली. टोलीवर मांडव पडला. फागूजी त्या दिवशी सगळ्यांना स्वतःच्या हातानं वाढत होते. माझ्या पानात त्यांनी दोनदा गोड वाढलं आणि म्हणाले, भाऊ, तुमच्यानं झालं. मी नाही म्हणालो, पण बरं वाटलं.

नोकरीत तिला सुरुवातीला सरावाला वेळ मिळायचा, मग कमी मिळायला लागला, मग सुटी मागावी लागायची. ती केशोरीला यायची तेव्हा वजन वाढलेलं असायचं आणि आरशात तिचं तोंड उघडं दिसायचं, दम लागल्यासारखं. ‘चाल’ हा शब्द ऐकू येईनासा झाला. देशाची शर्यत ती पुन्हा जिंकली, पण कसंबसं. आणि त्या वर्षी बेल्जियममधल्या एका छोट्या व्यावसायिक संघानं तिला बोलावलं. त्यांना जिंकणारी मुलगी नको होती. जिंकणारी त्यांच्याकडे होती. तिच्यासाठी वारा खाणारी, पाणी पोचवणारी, मागे पडली तर घेऊन येणारी मुलगी हवी होती. पगार देणार होते. पण नोकरी सोडावी लागणार होती.

डिलू तेव्हा रजा घेऊन दरेकशाला मावशीकडे राहिली होती. तिथं घाट आहे, रोज घाट चढायची. फागूजींनी मला तिची समजूत काढायला पाठवलं. नोकरी सोडली तर पोरगी ना इकडची ना तिकडची होईल, असं ते म्हणाले. मलाही ते पटत होतं. अर्जुनीहून गोंदिया, गोंदियाहून पॅसेंजरनं दरेकसा. ती मला स्टेशनवर घ्यायला आली होती, सायकलसकट. परतीच्या गाडीला वेळ होता म्हणून आम्ही फलाटाच्या बाकावरच बसलो. मला वाटतं, समोरासमोर आमचं एवढं बोलणं तेव्हाच झालं.

मी तयारी करून गेलो होतो. म्हणालो, नोकरी कायमची असते, सायकल पाय आहेत तोवर. मावशीनं दिलेली बोरं ती खात होती. बिया रुळांवर टाकत होती.

“काकाजी, तुमी दुकान कायले चालवता?”

“पोट भरायला.”

“चांगलं चालवता. मंग उद्या सरकार मनलं, या मान्सानं दुकान चांगलं चालवलं, याले बक्षीस मनून तहसीलीत टेबल द्या अन् याचं दुकान बंद करा. तं जाल का?”

मी म्हणालो, ती गोष्ट वेगळी.

“काऊन वेगळी? मले सायकल चालवता येते मनून टेबल देल्लं. अन् टेबलावर बसून बसून सायकल सुटून राहिली. ह्याले बक्षीस कसं मनू?” मग आणखी एक बी रुळावर टाकून म्हणाली, “माय विचारते ना, सायकलीचा पगार कोन देते मनून. आता देनारा भेटला आहे. एकदा मले पाहू द्या. नाई जमलं तं येईन वापस. रोवन्यात मायची पोट्टी मनून पात तं भेटनच.”

गाडी आली. फागूजींचा निरोप्या म्हणून गेलो होतो आणि पोरीचा निरोप घेऊन परतलो. फागूजींनी माझं ऐकून घेतलं आणि ते शेताकडे निघून गेले. त्यानंतर ते खतासाठी दुकानात यायचे तेव्हा मी उगाच पावती शोधायचो, त्यांच्याकडे पाहावं लागू नये म्हणून. मुदत सकूबाईनं ठरवली. म्हणाली, दोन रोवणे, म्हणजे दोन पावसाळे, पाहते. दोन रोवण्यांत सायकलीनं पोट भरलं तर भरलं, नाहीतर घरी यायचं आणि मग मी सांगेन ते ऐकायचं.

डिलू गेली. सुरुवातीचे तिचे फोन थंडीचे आणि पावाचे होते. भात मिळत नाही, मिळतो तो चिकट, आणि पावसात तास न् तास सायकल. वारा असा की आडवं पाडतो. त्यांच्या संघाची मुख्य खेळाडू एल्स नावाची मुलगी होती आणि डिलूचं काम तिला वाऱ्यापासून वाचवायचं. “काकाजी,” ती एकदा म्हणाली, “इथं मीच मोटारसायकल झालो आहे. अन् तुमच्यावानी एकसारखा हात ठेवाले शिकून राहिलो. तुमी बरे होते बापा.” हे वाक्य मी बायकोला बऱ्याच वेळा सांगितलं आहे.

गावात मात्र तिची अब्रू उतरत चालली होती. शर्यत झाली की चहाच्या टपरीवर पोरं मोबाईलवर निकाल काढायची. डिलूचं नाव सत्तराव्या, ऐंशीव्या क्रमांकावर सापडायचं, कधी यादीत नसायचंच, कारण आपलं काम संपल्यावर ती शर्यत सोडून द्यायची. देशाची विजेती तिथं सत्तरावी कशी येते, हे टपरीवाल्या मनोहरला समजावणं मला कधीच जमलं नाही. तो फागूजींच्या देखतच म्हणायचा, “गाडीवरून पानी आनून देते मने दुसरीले. पानी वाहाले बेल्जियमले कायले जाव लागते गा? आपल्या इटियाडोह धरनाचं का आटलं?” लोक हसायचे. फागूजी चहा अर्धा टाकून निघायचे.

दुसऱ्या वर्षाचा रोवणा चालू असताना एक मोठी शर्यत होती आणि ती मोबाईलवर थेट दिसणार होती. आपल्याकडे संध्याकाळ. मी दुकानाच्या काउंटरवर बियाण्याच्या डब्याला टेकवून मोबाईल उभा केला. मनोहर टपरी पोराच्या भरवशावर सोडून आला. फागूजी दाराशी उभे राहिले. तेवढ्यात रोवण्याच्या बायका परतल्या, पिंढऱ्यांपर्यंत चिखल, आणि सकूबाई आत येऊन पोत्यावर बसली. संघानं पुढच्या वर्षासाठी कोणाला ठेवायचं ते या शर्यतीनंतर ठरणार आहे, हे डिलूनं मला सांगितलं होतं. मी ते घरात सांगितलं नव्हतं.

बराच वेळ डिलू दिसलीच नाही. शेकडो चाकं, झाडं, दगडी रस्ते. मग एकदम दिसली, तिरंगी पट्ट्याच्या जर्सीत, घोळक्याच्या पुढे, मान खाली घालून वारा खात. तिच्या मागे एल्स. मनोहर म्हणाला, पहिली आहे, पहिली आहे. दुकानात सगळे सरसावले.

आणि एल्सचं चाक पंक्चर झालं. ती कडेला थांबली. घोळका निघून चालला होता. डिलूनं मागे पाहिलं, ब्रेक लावला, सायकलवरून उतरली आणि आपली सायकल एल्सच्या हातात दिली. दोघी सारख्या उंचीच्या. एल्स चढली, डिलूनं तिला मागून ढकलून दिलं, धावत धावत, जितकं धावता येईल तितकं. मग ती रस्त्याच्या कडेला उभी राहिली, हातात पंक्चर सायकल, एक हात वर करून संघाच्या गाडीची वाट पाहत. कॅमेरा दोन क्षण तिच्यावर थांबला आणि पुढे गेला.

मग मनोहर म्हणाला, “हे काय गा. आपली सायकल दुसरीले देल्ली अन् स्वतः रस्त्यावर उभी. एवढ्या दूर जाऊन हेच कराचं होतं?”

फागूजी चप्पल घालायला वळले. तेव्हा सकूबाईनं मला विचारलं.

“भाऊजी, हे तिनं मनानं केलं का तिले तसंच कराचं होतं?”

“तसंच करायचं होतं, वहिनी. तेच तिचं काम.”

“अन् पगार ह्याचाच भेटते?”

“याचाच.”

सकूबाई मनोहरकडे वळली आणि आवाज न चढवता म्हणाली, “पोट्टी कामावर आहे. कामावरच्या मान्साले कोनी विचारते का, काऊन उभी मनून?”

फागूजी चप्पल घालून तसेच दारात थांबले. एल्स त्या सायकलवर घोळक्याला जाऊन मिळाली आणि शेवटी दुसरी आली. डिलू किती वेळानं पोचली ते मोबाईलवर दाखवलं नाही, पण तिचा फोन येईपर्यंत सकूबाई उठली नाही. चिखल वाळून तिच्या पायांवर पांढरा पडला होता. डिलूचा फोन आला तेव्हा ती म्हणाली, “जेवली का? जेव आधी.” आणि फोन फागूजींच्या हातात दिला.

संघानं तिला ठेवलं. नुसतं ठेवलं नाही, जास्त मुदतीचा करार केला. एल्सनं संघाच्या लोकांना सांगितलं होतं म्हणे, की ही नसेल तर मीही संघ सोडायचा विचार करेन. दिवाळीच्या सुमारास ही बातमी आली आणि मनोहरनं त्या दिवशी टपरीवर माझ्याकडून चहाचे पैसे घेतले नाहीत.

गेल्या हिवाळ्यात ती विश्रांतीसाठी घरी आली. आता माझी पाठ साथ देत नाही, त्यामुळे मोटारसायकल तिच्यापुढे काढण्याचा प्रश्न नव्हता. गावातल्या तीन-चार मुली तिच्यासोबत रस्त्यावर जायच्या आणि त्या चौघी-पाचजणी सकाळी दुकानासमोरून गेल्या की मी शटर उघडताना हात वर करायचो. तिची जायची वेळ जवळ आली तेव्हा एका दुपारी मी भेटायला टोलीवर गेलो.

अंगणात साकोलीकडचे कोणी दूरचे पाहुणे बसले होते, नवरा-बायको. धानाचा पेंढा रचून झाला होता आणि फागूजी पाहुण्यांना सुपारी देत होते. पाहुणीनं सकूबाईला विचारलं, मुलगी काय करते. सकूबाई म्हणाली, सायकल चालवते. पाहुणी म्हणाली, ते ऐकलं, पण करते काय. सकूबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाली, “तेच करते. पोटापान्याचं काम होय ते.” फागूजींनी मान हलवली, जणू शेताचा सातबारा कुणाच्या नावावर आहे ते सांगावं तशी.

मी विचारलं, डिलू कुठं आहे. सकूबाईनं ओठांवर बोट ठेवलं आणि पडवीकडे दाखवलं. आमच्याकडे धडधाकट बाई दिवसा झोपत नाही. आजारी असली तरी भिंतीला टेकून बसते, लोक काय म्हणतील म्हणून. डिलू भर दुपारी पडवीत खाटेवर गाढ झोपली होती. पाय उशीवर उंच ठेवलेले, मोज्याच्या रेघेखाली गोरे आणि वर उन्हानं काळे पडलेले. एक हात खाटेबाहेर लोंबत होता. मी तिचा चेहरा इतका स्थिर कधी पाहिला नव्हता. तिच्या उशाशी एक कोंबडी दाणे टिपायला आली तर सकूबाई काठी घेऊन गेली आणि तिला आवाज न करता हाकललं.

“झोपू द्या, भाऊजी,” ती हळूच म्हणाली. “झोपनं बी तिच्या कामातच आहे. सांजच्याले या.”

पाहुणी बोलायला लागली तर सकूबाईनं तिला हातानं थांबवलं. अंगणात चार माणसं कुजबुजत बसली होती आणि फागूजी सुपारी अडकित्त्यानं कातरायची थांबवून नुसतीच हातात धरून होते. मी निघालो. मोटारसायकलचा स्टँड अलगद काढला, गाडी सुरू केली नाही, आणि हँडल धरून ती ढकलत ढकलत टोलीच्या वळणापर्यंत नेली.